लॅपटॉपची बॅटरी सव्वा तासात संपते, चार्जर लावून ठेवायचा की काढायचा?

वाळपईची_ताई

नमस्कार सगळ्यांना. मी वाळपईला असते, दिवसा घरून प्रूफरीडिंगचं काम आणि संध्याकाळी दहावीच्या मुलांची ऑनलाईन शिकवणी, दोन्ही एकाच लॅपटॉपवर. लॅपटॉपला आता साडेतीन वर्षं झाली. घेतला तेव्हा चार्जर काढला तरी पाच तास आरामात जायचे, आता सव्वा तास मिळाला तर खूप, आणि शेवटी शेवटी तर आकडा अठरावरून थेट नऊवर येतो आणि स्क्रीन काळी होते, सेव्ह करायला पण वेळ देत नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे काय होतं ते सांगायला नको. मागच्या आठवड्यात वारं सुटलं, रस्त्यापलीकडच्या माडाचं चुडत वायरवर पडलं आणि लाईट गेली ती साडेतीन तास आली नाही. सहा मुलं समोर, समास चालू होते, आणि बहुव्रीहीच्या मधेच मी गायब. मुलांच्या आईबाबांचे फोन आले. मला खरंच वाईट वाटलं कारण त्यातल्या दोन मुली डोंगराच्या कडेच्या गावातून रेंज शोधत घराच्या मागच्या पडवीत बसून क्लास करतात.

घरात दोन मतं आहेत. सासरे म्हणतात बॅटरी पूर्ण उतरवायची मगच चार्ज करायची. दीर म्हणतो चार्जर काढूच नकोस, लावून ठेवला की बॅटरी वापरलीच जात नाही मग खराब कशी होणार. मी दिराचं ऐकून गेली दोन अडीच वर्षं चोवीस तास लावूनच ठेवलाय. तरी ही अवस्था. नक्की कोणाचं बरोबर? आणि आता काही करता येतं का की नवीनच घ्यावी?

पेडण्याचे_काका

ताई, तुमच्या सासऱ्यांचं बरोबर आहे असं माझं मत. मी नोकरीत वायरलेस सेट हाताळले आहेत, त्यांच्या बॅटऱ्या आम्ही ठरवून शून्यावर आणायचो, नाहीतर अर्ध्यावर चार्ज लावला की तेवढीच क्षमता ती बॅटरी धरून बसायची. महिनाभर रोज पूर्ण उतरवून चार्ज करून बघा, फरक पडेल.

फोंड्याचा_मेकॅनिक

काकांना नमस्कार, तुम्ही सांगता ते त्या बॅटऱ्यांसाठी अगदी खरं होतं, त्या निकेल कॅडमियमच्या होत्या. त्यांना ती सवय लागायची. लॅपटॉपात आता लिथियम आयन असते, सोनीने १९९१ साली पहिल्यांदा बाजारात आणली ती जात, तिला अशी सवय लागत नाही. उलट तिला शून्यावर नेलं की त्रास होतो. म्हणून ताई, कृपा करून महिनाभर रोज उतरवू नका, आधीच थकलेली बॅटरी आहे, प्रत्येक पूर्ण फेरीने तिचं आयुष्य थोडं कमीच होणार.

दिराचं अर्ध बरोबर आहे. चार्जर लावलेला असताना बॅटरीच्या फेऱ्या मोजल्या जात नाहीत हे खरं. पण बॅटरी नुसती वापराने म्हातारी होत नाही, नुसती भरलेल्या अवस्थेत पडून राहिली तरी होते, आणि सोबत गरमी असेल तर फार लवकर होते. शंभर टक्के म्हणजे आतल्या प्रत्येक सेलवर साधारण ४.२ व्होल्टचा ताण सतत. दोरी कायम पूर्ण ताणून बांधून ठेवल्यासारखं. बॅटरी युनिव्हर्सिटी नावाच्या साईटवर एक तक्ता आहे तो मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली तर क्षमता ९६ टक्के उरते, आणि पूर्ण भरलेली ४० अंशांत वर्षभर ठेवली तर ६५. वापर काहीच नाही, नुसती ठेवली. आता मे महिन्यात आपल्याकडे कौलाखाली दुपारी किती तापतं ते बघा, त्यात लॅपटॉपची स्वतःची गरमी, म्हणजे बॅटरीजवळ चाळीस सहज होत असेल.

पण थांबा, बॅटरी घ्यायला धावू नका. तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि लोक ते नेहमी एकत्र करतात. एक, बॅटरीत आता किती मावतं. दोन, लॅपटॉप तासाला किती खातो. टाकी लहान झाली की नळ जास्त सुटलाय, हे आधी बघायला पाहिजे, मगच पैसे खर्च करायचे.

विंडोज असेल तर असं करा. स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून एंटर मारा, काळी खिडकी उघडेल. त्यात पॉवरसीएफजी लिहायचं, पी ओ डब्ल्यू ई आर सी एफ जी असं सलग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि रेघेला चिकटून बॅटरीरिपोर्ट, ते पण सलग. एंटर मारलं की रिपोर्ट कुठे सेव्ह झाला ते तिथेच दिसतं, तुमच्या यूजर फोल्डरात असतो, ब्राऊझरमध्ये उघडतो. त्यात वरच तीन आकडे असतात: डिझाईन कपॅसिटी म्हणजे नवीन असताना मावायचं ते, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आता मावतं ते, आणि सायकल काउंट म्हणजे चार्जच्या किती फेऱ्या झाल्या ते. काही मॉडेलांत सायकल काउंट रिकामा दिसतो, तसं असलं तरी चालेल. तेवढे आकडे इथे टाका.

ताळगाव_पठार

मी युनिव्हर्सिटीत एमएस्सी करतोय, हॉस्टेलवर राहतो. एक गोष्ट आधी सांगतो कारण माझ्या बाबतीत ती उशिरा कळली. ताई, लॅपटॉप बंद करून टेबलावर सपाट ठेवा आणि बघा डुगडुगतो का. टचपॅडवर बोट फिरवून बघा, कडा सारख्या आहेत का.

माझ्या लॅपटॉपचं टचपॅड उजव्या बाजूने क्लिक होईना. मला वाटलं धूळ गेली. एका दुकानात दाखवलं, त्यांनी टचपॅड खराब म्हणून पैसे घेतले, बदलून दिलं, पंधरा दिवसांत परत तेच. मग एका रात्री मित्राने बाजूने टॉर्च मारून बघितलं तर टचपॅडची उजवी कड नखभर वर आलेली, आणि खालच्या झाकणाला पण फुगवटा. बॅटरी फुगली होती. आत गॅस धरतो. नवं टचपॅड बसवताना ती दिसायलाच पाहिजे होती, दुकानात कोणी बघितलीच नाही याचा मला अजून राग आहे, कारण मी तो फुगलेला लॅपटॉप उशीजवळ ठेवून झोपत होतो.

फुगलेली दिसली तर चार्जर काढायचा, बंद करायचा, वरून दाबून झाकण बसवायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, स्वतः स्क्रू काढून टोकदार काही आत घालायचं नाही. सरळ जाणत्या माणसाकडे. बाकी सगळं बॅकअपबिकअप नंतर.

फोंड्याचा_मेकॅनिक

हा मुलगा शंभर टक्के बरोबर बोलतोय. ताई, आधी हे बघा.

वाळपईची_ताई

खूप आभार सगळ्यांचे. ताळगावच्या भावा, वाचल्या वाचल्या टॉर्च घेऊन बघितलं, टचपॅड सपाट आहे, टेबलावर पण डुगडुगत नाही. देव पावला.

रिपोर्ट मिळाला. पहिल्यांदा रेघ उलटी मारली म्हणून चाललं नाही, मग जमलं. आकडे असे:
डिझाईन कपॅसिटी ४५,००० एमडब्ल्यूएच
फुल चार्ज कपॅसिटी २३,३१० एमडब्ल्यूएच
सायकल काउंट १४१

म्हणजे अर्धी गेली ना? मग सव्वा तास बरोबरच आहे असं मी समजू का?

फोंड्याचा_मेकॅनिक

नाही ताई, इथेच तर गंमत आहे, नीट वाचा.

१४१ फेऱ्या काहीच नाहीत. साध्या लॅपटॉपची बॅटरी ३०० ते ५०० फेऱ्या बऱ्या अवस्थेत काढते, ॲपल तर आताच्या मॅकबुकना १००० सांगतं. म्हणजे तुमची वापराने नाही मेली, कायम भरलेली आणि गरम राहून मेली. दिराच्या सल्ल्याने काय झालं त्याचा हा पुरावा, पण त्याला बोलू नका, बहुतेक घरांत असंच सांगतात.

आता हिशोब. हजार एमडब्ल्यूएच म्हणजे एक वॉट-अवर. नवीन होती तेव्हा ४५ वॉट-अवर, चालायची ५ तास. ४५ भागिले ५, तासाला ९ वॉट खायचा. आज २३.३ वॉट-अवर आहे आणि चालतो सव्वा तास. भागून बघा, साडेअठरा वॉट येतात. म्हणजे टाकी अर्धी झाली हे खरं, पण नळ पण दुप्पट सुटलाय. उद्या नवीन बॅटरी घातली तरी याच खर्चाने ती अडीच तासांच्या आत संपेल, आणि तुम्ही दुकानदाराला नावं ठेवाल. आणि आहे त्याच बॅटरीवर खर्च परत ९-१० वर आणला तर जवळजवळ अडीच तास. एक रुपया न घालता.

हा नळ कुठे गळतो ते शोधू. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी, तिथे कुठल्या ॲपने किती टक्के बॅटरी खाल्ली ती यादी असते. शिवाय कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, काहीही काम करत नसताना सीपीयू किती दाखवतो बघा. निवांत असताना पाच टक्क्यांखाली पाहिजे. वीस तीस दाखवत असेल तर कोणीतरी मागे बसून खातंय.

मडगावचा_लिनक्सवाला

विंडोज नाही म्हणून हिशोबात भर घालू शकत नाही, पण दोन गोष्टी सांगतो. स्क्रीनचा ब्राईटनेस हा सगळ्यात मोठा खाणारा असतो, घरात बसून १०० वर ठेवायची गरज नसते, ४० ला डोळे दोन मिनिटांत सरावतात. आणि लॅपटॉपची स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झची असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० करा, प्रूफ वाचायला १४४ चा काही उपयोग नाही. डार्क मोडने बॅटरी वाचते हे ओलेड स्क्रीनलाच लागू, साध्या एलसीडीला मागचा दिवा जळतच राहतो, त्यामुळे त्याच्या नादी लागू नका.

लिनक्सवाले कोणी वाचत असतील तर टीएलपी नावाचं सॉफ्टवेअर टाका, बऱ्याच लॅपटॉपांवर त्यातून चार्जिंग ८० ला थांबवता येतं.

वाळपईची_ताई

बघितलं सगळं. आता मला कळलं. निवांत असताना सीपीयू ३४ टक्के! वर दोन नावं होती. एक लॅपटॉपसोबत आलेला अँटीव्हायरस, ज्याची मुदत कधीच संपली होती तरी मागे चालूच होता, आणि दुसरं फाईल सिंक करणारं ॲप, ते माझ्या प्रूफच्या फोल्डरातली एकच अडकलेली पीडीएफ सारखी सारखी चढवत बसलं होतं. किती महिने कोण जाणे. ब्राईटनेस १००, आणि पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर, ते मी कधी केलं आठवत नाही, बहुतेक शिकवणीचा व्हिडिओ अडकत होता तेव्हा कोणीतरी सांगितलं असणार.

आणि पंखा. तुम्ही गरमीचं लिहिलं म्हणून लॅपटॉप उलटा करून बघितला तर खालच्या जाळीला गोधडीची लव चिकटून पापुद्रा धरलाय. मी शिकवणी पलंगावर बसून घेते, लॅपटॉप गोधडीवर. तो पापुद्रा चिमटीत धरून ओढला तर एकसंध निघाला, करड्या रंगाचा, चक्क कापडासारखा. बघून मलाच धक्का बसला.

अँटीव्हायरस काढला, विंडोजचा आपला डिफेंडर चालू आहे. अडकलेली पीडीएफ हलवली. ब्राईटनेस ४५. मोड बॅलन्स्ड. लॅपटॉप आता लाकडी पाटावर.

एकच शंका, ते ८० टक्क्यांवर थांबवायचं. करू का?

फोंड्याचा_मेकॅनिक

शाब्बास ताई. तो पापुद्रा निघाला हे बॅटरीसाठी पण औषधच, हवा अडली की आतली सगळी गरमी बॅटरीला लागते.

८० चं माझं प्रामाणिक मत सांगतो. या बॅटरीवर आत्ता करू नका. अर्धीच उरलीय, त्यात पावसाळा, २३ चे पाचवा भाग कमी करून साडेअठरा वॉट-अवर घेऊन तुम्ही वाऱ्यापावसात कुठे जाणार? तिच्याकडून आता काम काढून घ्यायचं, जपायची वेळ गेली.

नवीन घालाल त्या दिवसापासून मात्र लावा. बहुतेक कंपन्यांनी सोय दिलीय, नावं वेगळी आहेत. लेनोवोमध्ये व्हँटेज ॲपात कॉन्झर्वेशन मोड, आसूसमध्ये मायआसूसमध्ये बॅटरीचं पान, डेलला त्यांच्या पॉवर ॲपात नाहीतर बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारी सेटिंग), एचपीला बऱ्याचदा बायोसमध्ये. मॅकवाल्यांना ते ऑप्टिमाईज्ड चार्जिंग आपोआप असतं. आणि आपल्या गोव्यात मी गिऱ्हाइकांना असं सांगतो की ऑक्टोबर ते मे ८० वर ठेवा, कारण तेव्हाच गरमी जास्त आणि लाईट त्या मानाने बरी असते, आणि जूनपासून चवथीपर्यंत ज्या दिवशी आभाळ भरून येईल त्या दिवशी १०० करून घ्या. भरून काही तास राहिली तर काही बिघडत नाही, महिनोन्महिने राहिली की बिघडतं.

अठरावरून एकदम नऊ होतं त्याबद्दल. टक्केवारी हा बॅटरीतल्या छोट्या चिपचा अंदाज असतो, कायम शंभरवर राहिली की तिचा अंदाज चुकत जातो. आणि जुन्या सेलवर एकदम भार आला की व्होल्टेज बसतं, म्हणून काळी होते. इथे पेडण्याच्या काकांचा उपाय थोडा कामाला येतो: दोन तीन महिन्यांतून एकदा पूर्ण भरायची आणि सावकाश ७-८ टक्क्यांपर्यंत उतरवायची, मग परत सलग भरायची. याने क्षमता वाढत नाही, पण आकडा खरा बोलायला लागतो. तोपर्यंत तुम्ही २५ टक्के म्हणजे शून्य असं धरूनच काम सेव्ह करा.

पेडण्याचे_काका

समजावून सांगितल्याबद्दल धन्यवाद. माझ्याकडे नातवाचा जुना लॅपटॉप कपाटात पूर्ण चार्ज करून ठेवलेला आहे, दोन वर्षं झाली असतील. तो आता काढून बघतो. ठेवायचाच असेल तर किती भरून ठेवावा?

फोंड्याचा_मेकॅनिक

काका, अर्ध्यावर, ४० ते ६० च्या मध्ये, आणि पूर्ण शटडाऊन करून, नुसता स्लीपमध्ये झोपवून नाही. दर तीन महिन्यांनी काढून बघायचा, वीसच्या खाली गेला तर परत अर्ध्यापर्यंत. कपाटात दमट असेल तर लॅपटॉप बॅगेत सिलिका जेलच्या चारदोन पुड्या टाका, पावसाळ्यात आतल्या बोर्डवर गंज धरतो तो बॅटरीपेक्षा महाग पडतो. दोन वर्षांनी आता काढाल तेव्हा चार्ज लावायच्या आधी फुगलीय का तेवढं बघा.

ताळगाव_पठार

अजून एक राहिलं, झोपवण्यावरून आठवलं. झाकण नुसतं बंद करून बॅगेत टाकलं की आताचे बरेच लॅपटॉप पूर्ण झोपत नाहीत, वायफाय धरून मेल बघत बसतात. मी कदंबा बसने घरी काणकोणला जातो, दोन वेळा उतरून बॅग उघडली तर लॅपटॉप चपातीच्या तव्यासारखा गरम आणि बॅटरी ३० वर. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर काय करायचं ते निवडता येतं, तिथे हायबरनेट केलं. उघडायला थोडा जास्त वेळ लागतो, पण बॅगेत गार राहतो आणि टक्के जिथल्या तिथे.

आणि ताई, लॅपटॉप चालू राहिला तरी लाईट गेली की वायफायचा राऊटर बंद पडतो ना? मग शिकवणी तशीही तुटणारच. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, हाताच्या पंजाएवढा, राऊटर दहा वॉटच्या आसपासच खातो त्यामुळे दोन तीन तास निघतात. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचून तेवढाच बघा.

वाळपईची_ताई

राऊटरचं डोक्यातच आलं नव्हतं. तोपर्यंत मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागवते.

काल रात्रीची गोष्ट सांगायलाच आले. सव्वासातला लाईट गेली, पाऊस असा की कौलांवरचा आवाज मुलांना ऐकू जात होता. बॅटरी ९८ ला होती. शिकवणी पूर्ण दीड तास चालली, सगळे समास झाले, द्वंद्वचे तिन्ही प्रकार झाले, वर एका मुलीने मागची शंका विचारली ती पण सोडवली. संपलं तेव्हा ३६ टक्के. मी मुद्दाम बंद नाही केला, प्रूफ काढून बसले, २५ ला आला तेव्हा सेव्ह करून बंद केला. घड्याळ बघितलं, एक तास पन्नास मिनिटं, आणि २५ अजून शिल्लक. हीच बॅटरी, सव्वा तासवाली.

तरी नवीन घ्यायची ठरवलंय, दिवाळीनंतर. म्हापशाला एकाने विचारल्यावर सांगितलं की ओरिजिनल आणि कंपॅटिबल दोन्ही आहेत. घेताना काय बघू?

फोंड्याचा_मेकॅनिक

वाचून फार बरं वाटलं ताई.

जुन्या बॅटरीवर छापलेला पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॉट-अवर याचा फोटो काढून न्या, नंबर आणि व्होल्ट जुळलेच पाहिजेत, वॉट-अवर थोडं मागेपुढे चालतं. कंपॅटिबलमध्ये चांगल्या पण असतात आणि नुसतं स्टिकर मोठं लावलेल्या पण, म्हणून बसवल्यावर दुकानातून हलायच्या आधी तिथेच परत तो रिपोर्ट काढा. सायकल काउंट शून्य किंवा एखादा, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर फुल चार्ज कपॅसिटी डिझाईनच्या जवळ. बनवल्याची तारीख बघा, दोन वर्षं डब्यात पडलेली नको, वरचा तक्ता तिला पण लागू होतो. बिलावर वॉरंटी लिहून घ्या, तोंडी नको.

आणि जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, कचरागाडीत दाबली गेली तर आग लागते. तिच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावून त्याच दुकानात द्या, घेत नसतील तर फोंड्याला आलात की माझ्याकडे आणून द्या, महिन्याच्या शेवटी मी ई-वेस्टला पाठवतो.